फुलाचं बटण

मी जया. तोंडानं फटकळ आहे, हे अख्ख्या विश्रांतवाडीला माहीत आहे. हातानंही आहे, हे नारायण पेठेला त्या शनिवारी कळलं.

अपेक्षा माझी धाकटी बहीण. तिचा नवरा योगेश हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आमच्या आईला जावयाचं कोण कौतुक! कंपनीची बस कोपऱ्यावर येते, इंग्रजी फाडफाड बोलतो, दारूला शिवत नाही. अपेक्षा घरी बसून मण्यांचे, तारेचे कानातले करायची आणि फोटो ऑर्कुटवर टाकून विकायची. मोबाइलवर काढलेले ते फोटो इतके धुरकट, की झुमका आहे की झुरळ ते कळायचं नाही.

योगेशला ट्रेकचं वेड. तिलाही किल्ल्यांवर न्यायचा, आणि ती दर खेपेला काहीतरी फोडून घेऊन यायची. एकदा गुडघा, एकदा दात. "घसरले गं ताई," म्हणायची. आणि मी तिलाच झापायची, बूट नीट घालत जा म्हणून.

तर दोघांत मिळून एकच कॅमेरा घ्यायचं ठरलं. फार महाग नको, अगदी फडतूसही नको. माझं त्यात काय काम? पण अपेक्षाचा फोन आला, "ताई, तू येच." त्या 'येच'वर तिनं इतका जोर दिला, की मी खडकीच्या फॅक्टरीतून अर्धी सुट्टी टाकून गेले.

कॅमेऱ्यांचं दुकान नारायण पेठेत, तात्यारावांचं. गिऱ्हाईक दिसलं की यांच्या कपाळाला आठी.

"काय काढायचंय?" त्यांनी विचारलं.

"कानातले," अपेक्षा म्हणाली.

"डोंगर," योगेश म्हणाला.

"हे घरी ठरवून यायचं असतं," म्हणत तात्यारावांनी दोन कॅमेरे काचेच्या काउंटरवर ठेवले. "किंमत जवळजवळ सारखीच. या काळ्याला झूम भरपूर, लांबचा डोंगर नाकाशी येईल. या चंदेरीचा झूम बेताचा, पण फूल उत्तम आहे."

"आम्हाला फुलं नाही हो काढायची," मी म्हटलं. "कानातले काढायचेत."

"बाई, हे फुलाचं बटण म्हणजे जवळचा फोटो. फूल दिसतंय म्हणून फुलंच काढायची, तर शेजारी माणसाचं डोकं आहे, तिथं काय मुंडकं आणून ठेवणार?"

योगेश मोठ्यांदा हसला. "झूमवालाच द्या. जवळून काय बघायचंय? बायका लांबूनच बऱ्या दिसतात." असं म्हणताना त्यानं अपेक्षाच्या मानेवर हात ठेवला. लाडानं ठेवल्यासारखा दिसत होता, पण बोटं पांढरी पडेस्तोवर दाबली होती. मी ते पाहिलं.

"एकदा फुलावर काढून दाखवता का?" अपेक्षानं विचारलं. पर्समधून तिनं एक झुमका काढला, डाव्या तळहातावर ठेवला. मग दुसऱ्या हातानं बांगड्या मागे सारल्या, बाही वर केली, आणि हात काउंटरवर टेकवला.

तात्यारावांनी फोटो काढला आणि पडद्यावर मोठा केला. "बघा, मणी न् मणी सुटा दिसतोय. हा तारेचा पीळ, हा..."

ते थांबले. झुमक्याच्या मागे तिचं मनगट आलं होतं. त्यावर गोल डाग. काही वाळून काळे झालेले, एक अजून ओला. तात्यारावांनी तिच्याकडे पाहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"बाई, हे कानातलं नव्हे," ते हळू म्हणाले.

"तेल उडालं होतं," योगेश लगेच म्हणाला.

"तेल असं मोजूनमापून गोल उडतं होय रे?" मी विचारलं. दारूला शिवत नव्हता तो. सिगरेट ओढायचा.

"तो फोटो डिलीट करा," त्यानं हात पुढे केला.

"कॅमेरा अजून माझा आहे," तात्याराव म्हणाले आणि त्यांनी तो मागच्या कपाटात ठेवला.

तशी योगेशनं अपेक्षाची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिचं डोकं काउंटरवर आपटलं. काच तडकली. "नाटकं करतेस? चारचौघांत?" त्यानं पुन्हा आपटलं. तिच्या कपाळातून रक्ताची धार लागली. आई गं! अजून आठवलं की मुठी वळतात माझ्या.

कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड हाताशी होता. मी तो त्याच्या मनगटावर हाणला. वेणी सुटली. त्यानं मला ठोसा मारला, ओठ फाटला, तोंडभर रक्त झालं. मग कुठं बसतंय ते मी बघितलंच नाही. गुडघा, खांदा, पाठ. तो खाली पडला तरी हाणत होते आणि ओरडत होते, "घसरलास का रे? आँ? घसरलास?"

"डोक्यात नको!" तात्यारावांनी माझा हात धरला. "मेला तर तुम्ही आत जाल. त्याची तेवढी लायकी नाही."

शेजारच्या दुकानातली माणसं धावून आली आणि त्यांनी योगेशला बाहेर ओढलं. फुटपाथवरून तो ओरडत होता, "अपेक्षा, घरी चल! मुकाट्यानं चल, नाहीतर बघ!"

अपेक्षा उठली. ही पोरगी जाते की काय त्याच्या मागे? त्याच्या एका हाकेसरशी उठायची सवय लागली होती तिला. ती दाराकडे वळली, त्याच्याकडे बघत राहिली, आणि परत काउंटरशी आली.

"काका, फुलाचा द्या," ती म्हणाली.

"पोरी, आधी दवाखाना. ते कपाळ बघ."

"आधी फोटो. पोलीस चौकीच्या पायरीवरून मी परत आलेय. काही सांगायला तोंडच फुटत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "तुलाही सांगता येईना, ताई. म्हणून म्हटलं, येच."

मला रडू फुटलं. तात्यारावांनी कॅमेरा कपाटातून काढून माझ्या हातात दिला. "फूल लावलंय. जवळ जा. अजून जवळ," एवढं सांगून ते शटर ओढून घेत बाहेर जाऊन उभे राहिले.

अपेक्षानं बाही खांद्यापर्यंत वर केली. मी बटण दाबलं. फोटो हलला.

"ताई, रडू नकोस, नीट काढ," ती म्हणाली. "अजून पाठ राहिलीय."