कॅमेऱ्याचा सत्कार

ऋतुजाने आल्याआल्याच बजावलं होतं, "सुंदरकाका, सत्कार नको. मी फक्त कुस्त्या लाइव्ह दाखवायला आलेय."

"असं कसं? तुझ्या अप्पांना दर जत्रंला काठी-घोंगडं दिलं आमी," सरपंच सुंदरराव म्हणाले. पाटोद्याकडचं हे मेंढपाळांचं गाव. इथं पाहुण्याचा सत्कार शालीने होत नाही.

ऋतुजा केबल सोडवत राहिली. सत्कार म्हटला की भाषण आलं, आणि भाषणात अप्पा आले असते. दर जत्रेत कुस्त्या दाखवणारे तिचे वडील दिवाळीत गेले. गेल्या जत्रेत त्यांनी सुभद्राबाईला शब्द दिला होता : तू ऊसतोडीला कुठंही अस, तुझ्या लेकाची, अंगदची कुस्ती तुला फोनवर दाखवीन. तेवढा शब्द पाळायचा आणि गुपचूप निघायचं, असं तिचं ठरलं होतं.

अंगदची कुस्ती शेवटची. त्याचा लंगोट लाल, पाटोद्याच्या पंडितचा निळा. सलामी झाली आणि अवकाळी कोसळला. बोराएवढ्या गारा! कॅमेऱ्यावरची प्लास्टिकची पिशवी उडाली ती थेट पंचांच्या तोंडावर जाऊन बसली. लोकांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या, पण जागा सोडली नाही.

"थांबवा कुस्ती!" कुणीतरी ओरडलं.

"कावून? साखरेचा हायेस का बे, विरघळायला?"

ऋतुजा कॅमेऱ्यावर ओणवी झाली. तेवढ्यात सुंदरराव सत्काराचं सामान घेऊन धावले. काठी चिखलात रोवली, तिच्यावर घोंगडं टाकलं.

"तुला नको तर नको. कॅमेऱ्याला तर घेऊ दे!"

घोंगड्याखाली कोरडं होतं आणि मेंढरांचा वास होता. फोनवर सुभद्राबाईचा आवाज आला, "दिसतंय बाई, लख्ख दिसतंय!"

अंगद पंडितचे पाय धरायला पटात शिरला आणि नेमका तेव्हाच वारा उलटा फिरला. काठी कलली. भिजून जड झालेलं घोंगडं लेन्सवर पडलं. ऋतुजाचा एक हात काठीला, दुसरा ट्रायपॉडला. कुठलाही सोडला तर कॅमेरा चिखलात. सुंदरराव तर केव्हाच आखाड्याच्या कडेला नाचत होते.

कुस्ती रंगली की अप्पांना माइकमध्ये बडबडायची खोड होती. "लोकांना दिसतंय ना, मग कशाला बोलता?" असं ती दरवेळी चिडून म्हणायची.

"सुभद्रामावशी, घाबरू नका," ती माइकमध्ये म्हणाली. "पडदा काळा झालाय, अंगद बरा आहे. खाली आहे... नाही, निसटला! अहो, नुसता चिखल झालाय दोघांचा, तुम्हालासुद्धा ओळखू येणार नाही. कंबर धरली. उचलला! कुणी कुणाला... थांबा, लंगोट बघू द्या... लाल वर! लाल वर आहे मावशी! आपटला! निळ्याची पाठ टेकली!"

हलग्या कडाडल्या. जरा वेळाने पुन्हा फोन वाजला. मागे ऊसतोड्यांच्या खोपीतल्या बायकांचा गलका होता.

"शेवटचं काईच दिसलं न्हाई गं," सुभद्राबाई हसत होती, "पर समदं कळलं. बापावानीच लई बडबडी हायेस तू."

पाऊस थांबला. सुंदरराव काठी उपटायला आले, तर ऋतुजाने ती घट्ट धरलेली.

"राहू द्या काका. घोंगडंही माझंच. फक्त भाषण नको."

"आता कशाला भाषण? तू केलंस की!"

ऋतुजाने ओलं घोंगडं डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून घेतलं आणि आतूनच केबल गुंडाळायला लागली.