टेबलावरून उतरलेला जॅक

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. मालाने भरलेला ट्रक उचलून धरायचा, म्हणजे माणसांना त्याचे चाक बदलता येते, हे माझे काम. जुना म्हटले म्हणून लगेच हळहळू नका. माझी पाठ अजून ताठ आहे.

भट्टीतले लालभडक लोखंड ठोकून मला घडवले. पोटात जाड आट्यांचा स्क्रू बसवला. डोक्यातल्या भोकात दांडा घालून फिरवला की मी तसूतसूने वर चढतो. पुढे एका नवरा-बायकोने एक जुना ट्रक घेतला आणि मी त्यांच्या सीटखाली राहायला गेलो. नवरा ट्रक चालवायचा. बायको माल चढवून घ्यायची, ताडपत्री बांधायची, आणि त्याला डुलकी लागू नये म्हणून वाटेत मुद्दाम भांडण उकरून काढायची.

एकदा नवरा तापाने फणफणला असताना भर रस्त्यात मागचे चाक फुटले. बायको उतरली. बाकीच्या चाकांना दगड लावून तिने मला ट्रकखाली बसवले. जाणारा एक ड्रायव्हर थांबून म्हणाला, "वहिनी, राहू द्या. हे बायकांचं काम नाही."

"मग चाकाला सांगा ना, पुरुष बघूनच फुटत जा म्हणून!" ती म्हणाली आणि दांडा फिरवतच राहिली.

त्या दिवशी घराचा नियम ठरला: जो एकट्याने चाक बदलेल, त्याच्याच हाती ट्रकची किल्ली. त्यांचा मुलगाही या नियमातून सुटला नाही. रडकुंडीला आला, पण किल्ली मिळवली. त्याने एका ट्रकचे अनेक ट्रक केले, मोठे आवार घेतले, काचेचे ऑफिस बांधले. वडील गेल्यावर त्याने आईला ऑफिसात मऊ खुर्ची दिली, आणि मला चंदेरी रंग फासून टेबलावर ठेवले. पाहुणे मला बघून "वा!" म्हणत. मला त्या 'वा'चा वीट आला होता. काम काढून घेतले आणि कौतुक हातावर ठेवले!

त्याची मुलगी मोठी झाली. एक दिवस लायसन्स घेऊनच ऑफिसात आली.

"बाबा, मला ट्रक चालवायचाय."

"तू ऑफिस सांभाळ. ट्रकवर ड्रायव्हर आहेत."

"पण घरचा नियम काय आहे?"

"तो कधीच जुना झाला. आता फोन केला की मेकॅनिक येतो."

तिने पुढे होऊन मला दोन्ही हातांनी उचलले.

"अगं, ठेव तो! शोभेचा आहे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजीचीही गेली असावी, कारण ती खुर्चीतून उठली. "चल गं पोरी. मीही इथे शोभेलाच बसलेय."

आवारात भरलेला ट्रक उभा होता. नात पान्याच्या दांड्यावर चढून उड्या मारू लागली, पण चाकाचे नट हलेनात. एकदा तर घसरून मातीत बसली आणि ड्रायव्हर खो खो हसले. ती उठली, पुन्हा चढली. शेवटी नट कुरकुरत ढिले झाले. मग तिने मला ट्रकखाली ठेवून दांडा फिरवला, आणि मीच अडलो! चंदेरी रंग आट्यांत घट्ट वाळला होता. जिच्यासाठी उभे राहायचे, तिलाच मी तोंडघशी पाडत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" बाप म्हणाला.

"रंग तू फासलास," आजी कडाडली. "त्याला कशाला बोल लावतोस?"

नातीने डिझेलमध्ये चिंधी बुडवून आटे घासले, खिळ्याने रंग खरवडला. तिची बोटे सोलली. बाप मदतीला पुढे सरकला, तर तिने मान हलवूनच त्याला थांबवले. आणि मित्रांनो, मी फिरलो! रंगाच्या खपल्या गाळत, अख्ख्या मालासकट तो ट्रक मी उचलला. आता कुणीही हसत नव्हते.

नवे चाक बसले. बापाने स्वतः पाना घेऊन एकेक नट तपासला. एकही ढिला सापडेना. त्याने किल्ली तिच्या हातात दिली नाही. ट्रकच्या पायरीवर ठेवली आणि तो ऑफिसकडे निघून गेला. तिने ती उचलली.

आता मी तिच्या सीटखाली असतो. टेबलावर माझ्या जागी फुलदाणी आली आहे, तिला माझ्या शुभेच्छा. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला सगळे सांगतात. जरूर जपा. गंज काढा, तेल द्या. पण जपण्याच्या नावाखाली आमचे काम हिरावून घेऊ नका. आणि घरातल्या आजीला किंवा बहिणीला 'तू बस, तुला जमणार नाही' म्हणण्याआधी एकदा तिच्या हातात दांडा देऊन पाहा.

माझी कीव तर मुळीच करू नका. त्यापेक्षा तुमचा ट्रक आणा, चांगला ठासून भरलेला.