दिवा लागतोय, पण बोलत नाही

मी एक जुना, तीन चाकांचा रोबोट आहे. हैदराबादला जामबागेतल्या एका मराठी शाळेत माझा मुक्काम असतो. रोबोट म्हटलं की हात हलवत चालणारा कुणीतरी तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल. तसं माझ्यात काही नाही. एक प्लॅस्टिकची पाटी, दोन मोटरी, पुढे एक कुरकुरणारं चाक आणि वर एक निळा बोर्ड. त्या बोर्डाला माझा मेंदू म्हणतात. म्हणोत बापडे.

मित्रांनो, मी खोक्यातून सुट्या भागांच्या रूपात आलो. मुलांनी बाकावर बसून मला जोडलं. एक मोटर उलटी जोडली गेल्यामुळे पहिल्या दिवशी मी जागच्या जागी गरगर फिरलो, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं केव्हा टाळ्या वाजवतील याचा नेम नाही. पुढे पाहुणे आले की मला काळ्या पट्टीवरून चालवून दाखवत, माझे फोटो काढत. मग नव्याचे नऊ दिवस संपले आणि मी कपाटात लेझिमांशेजारी जाऊन पडलो. शेजार शांत होता. मला त्याचंही फारसं काही वाटलं नाही.

तिथून मला बाहेर काढलं तन्वीने. ही नल्लकुंट्याहून येणारी नववीतली मुलगी. तोंडाने सांगितलेलं मला ऐकू येतं, पण पाळता येत नाही. माझ्याशी बोलायचं ते संगणकाला जोडलेल्या केबलमधून. तिच्यातून अक्षरं एकामागून एक, रांगेने येतात आणि माझं उत्तरही तसंच रांगेने जातं. मात्र दोघांचा वेग एकच ठरलेला असावा लागतो. पहिल्यांदा तन्वीने माझा वेग एक ठेवला आणि संगणकाचा भलताच. पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी उमटली.

"हा येडा झाला काय?" ती म्हणाली. पण चिडली नाही. शोधत बसली, वेग जुळवला आणि माझा शब्द पडद्यावर नीट उमटला. तो शब्द तिनेच मला शिकवला होता. वीज मिळून जाग आली की मी 'हौ' असं कळवायचं. आमच्या गावात 'हो'ला 'हौ'च म्हणतात.

दसऱ्याची सुट्टी लागण्याआधी शाळेत आयुधांची पूजा होते. त्या दिवशी घंटा, पेटी, संगणक आणि मी, सगळे एका टेबलावर झेंडूच्या माळा घालून बसलो होतो. मुलांनी माझ्या चाकांना हळदकुंकू लावलं. तन्वीला ते पटेना.

"चाकं तर ऑटोलाही असतात," ती म्हणाली. "हा बोलतो इथून. इथे लावायला पाहिजे."

आणि केबल खुपसायच्या चौकोनी खाचेवर तिने पाण्यात कालवलेलं कुंकू बोट भरून लावलं. प्रेमाने लावलं, यात शंका नाही. त्यातलं बरंचसं आत ओघळलं आणि सुट्टीभर तिथेच वाळत राहिलं.

सुट्टी संपून शाळा उघडली. दुसऱ्याच दिवशी दिलसुखनगरला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. वाटेत लाकडी ठोकळा आला की मी आपणहून थांबायचं, असा नवा प्रोग्राम तन्वीने सुट्टीत घरी लिहून आणला होता. तो माझ्यात उतरला तरच तिला जाता येणार होतं. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे शाळा सुटली की क्लास. तिची ही शेवटची संधी होती.

तिने केबल लावली. माझा हिरवा दिवा लागला. पण संगणक म्हणाला, रोबोट सापडत नाही.

संगणक शिकवणारे अनिल सर आले. त्यांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. कोठीच्या बाजारातून आणलेली नवी केबल लावली. मला दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिलं. सगळीकडे तेच.

"बोर्ड जळालेला दिसतो, पोरी," सर म्हणाले. "नक्को आता डोकं फोडून घेऊ. उद्या आपलं ज्वालामुखीचं मॉडेल पाठवू."

"पण सर, दिवा लागतोय ना."

"दिवा लागतोय, पण बोलत नाही. काय उपयोग?"

खरं म्हणजे मी बोलत होतो. जितक्या वेळा केबल लागली तितक्या वेळा मी 'हौ' म्हणालो. ते बाहेर पोचत नव्हतं. सरांनी मला जुन्या माऊस आणि कीबोर्डांबरोबर भंगाराच्या पोत्यात ठेवलं. मी सहसा असं म्हणत नाही, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं.

तन्वी डोळे पुसत केबल गुंडाळायला लागली आणि थबकली. केबलचं टोक लाल झालं होतं.

तिने मला पोत्यातून काढलं आणि खाच उजेडात धरली. आत चार बारीक पट्ट्या असतात. दोन वीज आणतात, दोन बोलणं नेतात. बोलण्याच्या दोन्ही पट्ट्यांवर कुंकवाची खपली बसली होती.

"सर, मीच केलं हे," ती म्हणाली. "माझ्या कुंकवाने त्याची वाचा बसली."

तिने माझे सेल काढले आणि कोरडा ब्रश उचलला. तेवढ्यात मुख्याध्यापिका मेधाबाई आत आल्या.

"अगं, पूजेचं कुंकू असं खरवडतात होय? अशुभ असतं ते."

तन्वीचा हात थांबला. सर खिडकीबाहेर बघू लागले.

"बाई, मी देवाचं पुसत नाहीये," ती हळूच म्हणाली. "त्याच्या तोंडात गेलंय, ते काढतेय."

बाईंनी देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी आणली, माझ्या पाटीवर, तारांपासून लांब, एक छोटंसं कोरडं बोट लावलं आणि म्हणाल्या, "हे इथे राहू दे. आता काढ ते."

तन्वीने पट्ट्या हलक्या हाताने साफ केल्या, फुंकर मारली, केबल लावली. दिवा लागला. तिघंही पडद्याकडे बघत होती. मी नेहमीचंच म्हणालो.

'हौ.'

तन्वी एकदम रडायलाच लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं. सरांनी भंगाराचं पोतं पायाने टेबलाखाली सारलं. दुसऱ्या दिवशी दिलसुखनगरला मी ठोकळ्यासमोर थांबलो, तेव्हा ते कुंकवाचं कोरडं बोट पाटीवर तसंच होतं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, आम्हालाही बरं वाटतं. फक्त कुंकू लावताना खाच सोडून लावा, आणि वर्षातून चार वेळा ब्रशही फिरवा. आणि कुणी गप्प झालं, तर पोतं आणण्याआधी त्याचा दिवा लागतोय का ते बघा. लागत असेल, तर तो आतून तुम्हाला 'हौ'च म्हणत असेल.