पाऊण तासात बसणारं पाप

पहिलं मिनिट

तंबूत अर्धं गाव कोंबलेलं. रॅन्सम टील या प्रचारकानं बरणीभर 'पवित्र जला'त चमचाभर कच्चं तेल सोडलं. बरणी काळीकुट्ट झाली.

"तेलातलं पाप आता तळाशी बसेल! सिगारेटी विझवा, बंधूंनो, पवित्र आत्म्याला ठिणगी चालत नाही!"

"चालेल कशी?" शेवटच्या बाकावर आर्वेला पुटपुटली. ओक्लाहोमातल्या याच गावात तिनं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं.

विसावं मिनिट

प्रवचन चालूच. शेजारी डॉर्सी डोळे पुसत होता. त्याची एकच तेलविहीर, दिवसाला दोन पिंपं. त्यावर बायकोचं डायलिसिस. तेल वाढावं म्हणून उद्या त्या विहिरीत जलाचा टँकर रिकामा होणार होता.

"डॉर्सी, याच्या अभिषेकानंतर तीन विहिरी महिन्याभरात बंद पडल्या."

"त्यांची श्रद्धा कमी पडली, बाई. आपले बापही विहिरीत हलकं पेट्रोल ओतायचेच की. मोकळी व्हायची विहीर."

"मेण अडकलं असेल तर व्हायची! तुझ्या तेलात मेण नाही, गाढवा."

पंचेचाळिसावं मिनिट

वर चहाच्या रंगाचं तेल, तळाशी काळा गाळ. "हालेलुया!" बायका रडू लागल्या.

आर्वेला पुढे गेली. टीलच्या कॅनमधलं चमचाभर जल तिनं तंबूबाहेर नेलं आणि काडी ओढली. भक्कन जाळ झाला.

"सैतान बोलतोय हिच्या तोंडून!" टील किंचाळला.

"सैतान नाही, काडेपेटी बोलतेय. हे तेच हलकं पेट्रोल आहे, कॅम्पच्या कंदिलात घालतात ते. कच्च्या तेलातले डांबराचे जड कण तेलातल्या राळेमुळे सुटे राहतात. असं पेट्रोल फार झालं की ते एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होऊन बसतात. त्याला पाऊण तास लागतो, म्हणून पाऊण तास प्रवचन!"

तिनं परत आत येऊन बरणी ओतून दिली. काचेवर काळा थर राहिला. रुमालानं घासला, हलेना.

"ही तर गुळगुळीत काच. तुमच्या विहिरीखाली वाळूचा खडक आहे, त्यातल्या वाटा केसाहून बारीक. त्या तीन विहिरींत पाप तिथेच चिकटून बसलंय."

डॉर्सीनं टोपी चढवली. "टील, टँकर माझ्या फाटकात दिसला तर चाकांत गोळ्या घालीन."

"आणि आमची बंद पडलेली विहीर?" मागून एका बाईनं विचारलं.

"डांबर विरघळवणारं दुसरं द्रावक उतरवून बघू. मोकळी होईल, कदाचित नाहीही." आर्वेला बाकांकडे वळली. "विहिरीत ओतण्याआधी ग्लासात ओतून, तो ग्लास धुवून बघायला काय जात होतं? यात काय आहे, एवढं तरी विचारा! प्रश्नाचा राग देवाला येत नाही. टीलला येतो."