केळकरांची लेक

राजनची नोकरी गेली त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्याच्या कंपनीनं अख्खा विभागच बंद केला, त्यात हाही घरी. आमचा इथला मुक्काम त्याच्या नोकरीला बांधलेला. मुदतीत दुसरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळायचा. मी घासलेली भांडी पुन्हा घासायची, आणि राजन लॅपटॉपसमोरून "होईल गं" म्हणायचा. त्या "होईल गं"चा मला इतका राग यायचा की सांगता सोय नाही. आमची सात वर्षांची अन्वी दीड वर्षात जर्मनमध्ये भांडायलासुद्धा शिकली होती. तिला पुन्हा उपटून न्यायचं?

आणि उपाय तर आमच्याच स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होता.

तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाई मूळच्या चेक. ब्रनोच्या. सत्तर सालच्या सुमारास सासरे, शशिकांत, तिकडे मशीनचं ट्रेनिंग घेऊन आले आणि त्यांच्यामागून वर्षभरात ही गोरी मुलगी पुण्यात उतरली. आता त्यांचं मराठी असं, की माझ्या चुका त्या काढतात. भारतीय नागरिकत्व घेताना त्यांचं मूळचं गेलं. पण आई पूर्वी चेक नागरिक होती हे दाखवता आलं, तर मुलाला ते नागरिकत्व मागता येतं. ते मिळालं की राजन युरोपचा, आणि आम्ही सगळे इथेच. भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार होता. त्याला राजन बऱ्याच दिवसांनी हो म्हणाला.

घोडं अडलं ते लग्नाच्या दाखल्यापाशी. ब्रनोच्या जन्मदाखल्यावर झ्देन्का, वडील तिकडचे एक सुतार. पुण्याच्या दाखल्यावर सुधा, वडील रमेश केळकर, सदाशिव पेठ. झालं होतं असं, की परदेशी मुलीचं कन्यादान करणार कोण? शेजारच्या केळकर नवराबायकोनं केलं. सासऱ्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, गुरुजींनी वधूपिता म्हणून केळकरांचं नाव घेतलं आणि तेच पुढे रजिस्टरात उतरलं. त्यात काही चुकलंय असं कुणाला वाटलंच नाही. झ्देन्का तीच सुधा हे सांगणारे नागरिकत्वाचे कागद म्हणाल, तर सासऱ्यांनी ते इतके जपून ठेवले की त्यांच्यामागे कुणालाच सापडले नाहीत.

"वकील म्हणतो, सोप्पंय," राजननं आईला सांगितलं. "आल्झो, तर म्युनिकच्या चेक कॉन्सुलेटमध्ये भेटीच्या वेळेचा टेर्मिन घ्यायचा, आणि तिथे शपथेवर सांगायचं की झ्देन्का ती मीच, आणि रमेश केळकर माझे वडील नाहीत. बस."

सासूबाईंचा हात थांबला. "नाहीत म्हणजे?"

"अगं, फॉर्मॅलिटी आहे."

"तू जन्मलास कुठे, राजन? केळकरांच्या माजघरात. माझं बाळंतपण कुणी केलं? दिवाळसण कुणी केला?" त्यांनी परात बाजूला सारली. "ब्रनोहून लग्नाला साधी तारही आली नाही. माझ्या वडिलांना येऊ दिलं नाही, की त्यांनाच यायचं नव्हतं, मला कधी कळलं नाही. मांडवात कन्यादानाचं पाणी सोडलं ते केळकरबाबांनी. मी शपथ घेऊन सांगू, ते माझे कुणी नाहीत?"

"अहो आई, पण ते खरंच नव्हते ना!" मी बोलून गेले. "आणि ते आता आहेत कुठे? आम्ही आहोत. आमचं काय?"

त्या उठून खोलीत गेल्या. मला वाईट वाटलं नाही, चीड आली. गेलेल्या माणसाच्या मानापायी जिवंत माणसांनी सामान बांधायचं? केळकर अन्वीच्या जन्मानंतर वारले, तेव्हाही सासूबाईंनी हे असंच केलं होतं. बातमी येताच डोक्यावरून आंघोळ केली आणि लग्न झालेल्या लेकीसारखं तीन दिवस सुतक पाळलं. देवापुढे दिवा नाही, पूजा नाही. रक्ताचं नातं नसताना हे कशाला, असं नातेवाईक कुजबुजले. मीही त्यांच्यातच होते.

 चार दिवसांनी एका दुपारी अन्वी शाळेतून आली ती थेट आजीकडे गेली. आम्ही जाणार हे तिनं मैत्रिणीला सांगून टाकलं होतं आणि दोघी रडल्या होत्या.

"आजी, मुस इश वेग?" तिनं विचारलं. मला जावं लागेल का?

सासूबाईंनी तिचे गाल पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवश्री, टेर्मिन घ्या."

म्युनिकला खिडकीपलीकडे एक तरुण बाई होती. ती चेकमध्ये बोलायला लागली आणि सासूबाई अडखळत, शब्द शोधत उत्तरं देत राहिल्या. मला चेक येत नाही. पण एका प्रश्नात केळकरांचं नाव आलं, ते मला कळलं. सासूबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. राजन हळूच "आई" म्हणाला. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली, एकच शब्द बोलल्या आणि झ्देन्का अशी सही केली.

कागद पूर्ण आहेत, बाई म्हणाली. निकालाला वेळ लागेल, पण अडचण दिसत नाही. "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणत राजन रस्त्यातच मला बिलगला. परतीच्या गाडीत मी किती दिवसांनी पोटभर हसले. अन्वीची नवी खोली, नवे पडदे, काय काय बोलत होते. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. दमल्या असतील, मी म्हटलं.

घरी पोहोचल्यावर त्या तडक बाथरूममध्ये शिरल्या. बराच वेळ पाणी वाहत होतं. तिन्हीसांजा झाल्या म्हणून मी देव्हाऱ्यापाशी गेले, निरांजनात वात घातली, काडी ओढली.

मागे सासूबाई उभ्या होत्या. पांढरे केस ओले, त्यातून पाणी गळत होतं. डोक्यावरून आंघोळ केली होती.

"आज नको लावूस," त्या म्हणाल्या. "तीन दिवस नको."

काडी बोटापर्यंत आली तशी मी ती विझवली. मग टॉवेल आणून, त्यांना खुर्चीत बसवून, त्यांचे केस पुसायला लागले.