दोन मिलिमीटर

इंटिरियर बॉडीत जाईना.

देवयानीनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला. डाव्या तळहातावर लाल गाडीचं कवच उलटं धरलं, उजव्या हातानं आतला सांगाडा चिमट्यात उचलला आणि खालून हलकेच सरकवला. सीट गेली, डॅशबोर्ड गेला, पण सीटमागची पितळी कमान छताला अडली. आणखी जोर लावला असता तर काच तडकली असती. तिनं हात मागे घेतला.

"होत नाहीये का गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"होईल."

"तू सोमवारी जाणार. त्याआधी पुरं कर बाई. त्यांचं अर्धवट राहिलेलं काही मला घरात नको."

देवयानीचे बाबा, शरदचंद्र, गेले त्याला सत्तावीस दिवस झाले होते. सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि घरी आल्यावर उरलेल्या वेळात हे एवढंच केलं. ड्रॅग रेसच्या गाड्या. सरळ रस्ता, दोन गाड्या, चारशे मीटर, दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. अशी शर्यत त्यांनी जन्मात प्रत्यक्ष पाहिली नव्हती. पण त्या गाड्यांची पंचवीसपट लहान मॉडेलं ते करत आणि त्यातही जीव ओतत तो आतल्या भागात, जो खिडकीतून वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. प्लास्टिकच्या पत्र्याची सीट, तिला सुईनं पाडलेली भोकं. शिसपेन्सिलीच्या टोकाएवढ्या डायलवर नेलपॉलिशचा एक थेंब, म्हणजे काच. नेलपॉलिश देवयानीचं असे. कॉलेजात होती तेव्हा सीटबेल्ट तिच्याकडे असत. साडीच्या फॉलची किनार उसवून त्याच्या दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापायच्या आणि तांब्याच्या तारेची बक्कल वळवायची. मानसला, तिच्या धाकट्या भावाला, हे कधी जमलं नाही. तो म्हणायचा, "बाबा, तुम्ही अंदर की चीज करा. मी खरी चालवीन."

हे शेवटचं मॉडेल मानसच्याच गाडीचं होतं. बाबा सहा वर्षं त्या एकाच गाडीवर काम करत होते. आईला वाटे, पोराची आठवण म्हणून करतायत, म्हणून पुरी होऊ देत नाहीत.

देवयानीनं कमान पुन्हा भिंगाखाली धरली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं की बाबांचा हात चुकला. शेवटच्या वर्षात हात थरथरायचे. पण सांधे स्वच्छ होते, कमानीचे दोन्ही पाय बरोबर एका रेषेत. फक्त उंची जास्त होती. आणि ही चूक बाबांकडून होणं शक्य नव्हतं. मॉडेलचं कवच अखंड असतं, आतला भाग खालून आत घालावा लागतो. म्हणून कमान छतापेक्षा दोन मिलिमीटर बुटकी ठेवायची, नाहीतर ती शिरतच नाही. बाबा त्याला 'हवा सोडणे' म्हणत. जेवताना भातात वरण कालवावं इतक्या सवयीनं ते हवा सोडत. माप घ्यायचं आणि दोन कमी लिहायचं. विचारही करावा लागत नसे.

कानस हातात घेतली होती. दोन मिलिमीटर घासून काढले की काम झालं असतं. पण बाबांनी केलेल्या वस्तूला कानस लावण्याआधी नकाशा बघावा म्हणून तिनं टेबलाचा खालचा खण उघडला.

फायलीत मानसच्या गाडीचे दोन नकाशे होते. पहिला ऑगस्ट २०१९चा. मानसनं जुनी सेडान विकत घेतली होती आणि उलटली तर डोकं वाचावं म्हणून तिच्यात पोलादी पाइपांचा पिंजरा बसवायचा होता. बाबांनी आधी त्याचं मॉडेल केलं आणि मग त्या मॉडेलवरूनच खऱ्या पाइपांची मापं काढली. कागदावर दोन रकाने होते. डावीकडे मॉडेल, उजवीकडे गाडी, म्हणजे गुणिले पंचवीस. सीटमागच्या मुख्य कमानीची उंची ४१, समोर १०२५.

दुसरा नकाशा तसाच, त्याच वळणदार आकड्यांत. मुख्य कमान ४३, समोर १०७५. छताला अडलेली कमान याच मापाची होती. खाली तारीख होती, ११ नोव्हेंबर २०१९.

तिनं आधी तो गुणाकार तपासला. मग वजाबाकी केली. मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मॉडेलचा आतला भाग शिरावा म्हणून सोडायची दोन मिलिमीटरची हवा बाबांच्या हातानं सवयीनं त्या पहिल्या आकड्यात सोडली होती आणि ती पंचवीस पटींनी खऱ्या गाडीत गेली होती. पन्नास मिलिमीटर. खऱ्या गाडीत हवेची गरजच नव्हती. तिथे पाइप दारातून नेतात आणि आत वेल्ड करतात.

मानस ३ नोव्हेंबरला गेला होता. गावाबाहेर, वाहतूक सुरू न झालेल्या एका रस्त्यावर चार मित्र जमून सराव करत होते. तपासणारं कोणी नव्हतं. गाडी उलटली, छत बसलं, आणि पिंजरा शाबूत राहिला. हेल्मेट कमानीच्या वर आलं होतं. हे हेल्मेट त्याच सकाळी कुरिअरनं आलं होतं. त्याआधी मानस नुसत्या डोक्यानं बसून पाहत असे आणि वर छतापर्यंत चार बोटं जागा आहे म्हणून खूश असे.

पोलीस चौकीत विचारलं तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले होते, "सीट उंच बसली असेल." सीट बंटीनं बसवली होती. बंटी म्हणजे संजीव, मानसचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं सांवेर रोडवरच छोटं गॅरेज होतं. तो म्हणाला, मी एक इंचाचे ब्रॅकेट लावले. मग म्हणाला, बहुतेक एक. मग म्हणाला, आठवत नाही. गाडीचा चुराडा भंगारात गेला होता. केस झाली नाही, पण गॅरेज वर्षभरात बंद पडलं. ज्याच्या हातची सीट माणूस मारते त्याच्याकडे ब्रेक दुरुस्त करायला कोण जाणार? आईनं त्याला घराचं दार बंद केलं. देवयानीनंही सहा वर्षांत त्याला एक फोन केला नव्हता.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "झालं?" देवयानी म्हणाली, "उद्या करते." कानस तिनं पुन्हा उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती सांवेर रोडला उतरली. बंटी एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर होता. तिच्या हातात फाइल पाहून दारातला माणूस आत ओरडला, "बंटी भिया, इन्कम टॅक्सवाले आ गए. छुपा ले तेरा सोना."

"सोना होता तो तेरे साथ काम करता क्या?" म्हणत बंटी बाहेर आला आणि तिला पाहून थांबला. त्याचे केस पांढरे झाले होते. देवयानीला तो पूर्वी एकेरीत बोलायचा.

"ताई, तुम्ही? काकांचं कळलं मला. यायला पाहिजे होतं. पण..."

"कळलं. बंटी, तुला एक दाखवायचं आहे."

तिनं दोन्ही कागद एका लोखंडी प्लेटवर ठेवले. काय झालं ते ती सांगणार होती, पण गरज पडली नाही. बंटी नकाशा वाचणारा माणूस होता. त्यानं हातमोजा काढला आणि बोट एका आकड्यावरून दुसऱ्यावर नेलं.

"४१. ४३." तो म्हणाला. "मॉडेलवाली हवा."

"हो."

"आणि काकांनी तीच गाडीला लावली."

"हो."

"पन्नास एमएम." त्यानं अंगठा आणि तर्जनी यांत तेवढं अंतर धरलं आणि त्याकडे पाहत राहिला. "म्हणजे दोन इंच. ताई, मी ते ब्रॅकेट आजपण मोजत बसतो. बस स्टॉपवर, जेवताना. एक इंच का दीड इंच. बायको म्हणते, मनात काय बडबड करून राहिले तुम्ही."

"एकच इंच होते, बंटी."

"एकच होते." त्यानं तारीख पाहिली. तो ती पाहील याची देवयानीला भीती होती. "हे नोव्हेंबरचं आहे. काकांना तेव्हाच समजलं होतं?"

"हो."

"सहा वर्षं," बंटी म्हणाला. आवाज चढवला नाही. "माझं शटर पडलं तेव्हा ते इथे याच रोडला कामाला होते. रोज समोरून जायचे. हात करायचे मला."

आतून कोणीतरी हाक मारली, "भिया, मॅडम का काम निपटाओ, दो बजे लाइट जाएगी."

"जाऊ दे लाइट," बंटी तिकडे न बघता म्हणाला. मग तिला म्हणाला, "तुम्ही हे माझ्या मम्मीला सांगा. आत्ता. मी सांगितलं तर तिला वाटेल, माणूस मेल्यावर त्याच्या माथी मारून राहिला आहे."

बंटीची आई, इंदुमती, खजराना वस्तीत दोन खोल्यांत राहत होती. गॅरेज होतं तेव्हा घर मोठं होतं. पूर्वी देवयानीच्या आईची ती रोजची मैत्रीण होती. देवयानीला दारात बघून तिनं आधी पाणी दिलं, मग बापाच्या जाण्याबद्दल चार शब्द बोलली आणि मग डोळ्याला पदर लावला. देवयानीनं तिला तसंच थांबवून सगळं सांगितलं. नकाशे तिला कळणार नव्हते, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. माप बाबांचं चुकलं. सीट बरोबर होती. बाबांना ते ठाऊक होतं.

इंदुमतीनं मुलाकडे पाहिलं. तो दाराला टेकून उभा होता.

"दर संक्रांतीला यायचे," ती म्हणाली. "तीळगूळ घेऊन. आत नाही यायचे, दारातूनच द्यायचे. मी म्हणायचे, भाऊ, तुमचं मन फार मोठं. ज्याच्यापायी तुमचा मुलगा गेला त्याच्या घरी तुम्ही गोड घेऊन येता. ते मान खाली घालायचे. मला वाटायचं, भला माणूस आहे, स्तुती सोसत नाही."

"मावशी..."

"या जानेवारीत मी त्यांच्या पाया पडले." इंदुमतीनं पेला उचलून बाजूला ठेवला. "पडू दिलं त्यांनी."

माफी मागायची म्हणून देवयानी आली होती, पण तो शब्द आता तिथे काढणं तिला जमेना. निघताना बंटी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "काकूंना सांगणार?"

"सांगणार."

"त्यांना हे झेपेल?"

"माहीत नाही."

"मला झेपलं ना," तो म्हणाला आणि ऑटोला हात केला.

घरी आई ताटात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. दोन दिवसांनी मासिक श्राद्ध होतं. देवयानी समोर जमिनीवर बसली आणि तिनं दुसऱ्यांदा तेच सांगितलं. आई खडे काढत राहिली. मधे एकदा बोटं थांबली, पुन्हा चालू झाली. शेवटी म्हणाली, "आणखी कोणाला सांगितलंस?"

"बंटीला. इंदुमावशीला."

"त्यांना आधी. ते बरोबर केलंस." मग म्हणाली, "तारीख काय आहे म्हणालीस कागदावर?"

"अकरा नोव्हेंबर."

आईनं मनात मोजलं. ओठ हलले. "नववा दिवस."

"हो."

"तेरावा त्यानंतर चार दिवसांनी." तिनं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "तू तेव्हा आत बायकांना वाढत होतीस, तुला माहीत नाही. बंटी आला होता तेराव्याला. पंगतीत बसला. मी बाहेर येऊन बघितलं आणि त्याला भरल्या ताटावरून उठवलं. सगळ्यांसमोर. माझा मुलगा खाऊन वर जेवायला बसलास, असं म्हणाले. अजून घास घेतला नव्हता त्यानं. हात धुतला आणि गेला."

"तुझे बाबा शेजारच्या पानावर होते," आई म्हणाली. "ते जेवले. मी कढी वाढायला गेले तर बोटानं सांगितलं, अर्धी वाटी."

बाहेर रद्दीवाला ओरडत गेला. आईनं ताट पुन्हा मांडीवर घेतलं, पण तांदळाला हात लावला नाही.

"मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, सांग. घर सोडलं असतं? कुठे गेले असते? रडले असते, भांडले असते, मग राहिले असते. चूक तर चूक. मुलगा त्यांचाही होता. ते सगळं मी गिळलं असतं, देवू. पण त्या पोराला मी उठवलं आणि हे जेवत राहिले."

देवयानीनं हात पुढे केला. आईनं तो धरला नाही, झटकलाही नाही.

"परवा गुरुजींना सांगून झालंय. येऊ देत. सगळं रीतीनं होईल, त्यांचं काही कमी करायचं नाही," ती म्हणाली. "स्वयंपाक मी करीन. पण त्यांचं पान मी वाढणार नाही. ते तू वाढ."

मग ती उठली आणि तांदूळ धुवायला आत गेली.