अकरावं पान

टोकावड्याच्या मितेशचा फोन आला तेव्हा मी दुकानात जेवून पेंगत होतो. माघातली दुपार, शहापूरच्या बाजारात चिटपाखरू नाही, आणि हा विचारतोय, "प्रणितदादा, बाय-अँपिंग करून द्याल का?" माझी झोप उडाली ती रागानेच.

काय असतं ते सांगतो. चांगल्या स्पीकरमध्ये दोन भाग असतात, वर बारीक आवाजाचा ट्वीटर आणि खाली जाड आवाजाचा वूफर. एकच वायर दोघांना पोसते, कारण मागच्या बाजूला वरचे बोल्ट खालच्यांशी पितळी पट्ट्यांनी जोडलेले असतात. होम थिएटरच्या रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला, सात स्पीकरची सोय असते आणि लोकांनी लावलेले असतात दोन. मग उरलेल्या जागांपैकी दोन घ्यायच्या, पट्ट्या काढायच्या, ट्वीटरला वेगळी वायर द्यायची आणि वूफरला वेगळी. एवढंच. इंटरनेटवर लोक यावर जीव टाकतात. मी आधी हळदीला, वरातीला बॉक्स, म्हणजे ते मोठाले स्पीकर, लावायचो, आता मुरबाडकडच्या फार्महाऊसवाल्यांची थिएटरं बसवतो. वीस वर्षांत मला यातला फरक एकदाही ऐकू आलेला नाही.

हे सगळं मी मितेशला सुनावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आईसाठी करायचंय दादा. एकदा या तर."

त्याची आई म्हणजे जनाबाई, आमच्या भागातली नावाजलेली धवलारीण. लग्नातला एकेक विधी गाण्यातून लावणारी बाई. तिने गायलेल्या कितीतरी लग्नांत बॉक्स माझेच होते. नाही कसं म्हणणार? दुकानातला जुना कॅसेट प्लेयर पिशवीत घातला आणि निघालो.

मुरबाड सोडलं की त्या दिवसांत रस्ता झोपेत चालल्यासारखा वाटतो. भात कापलेल्या शेतांत वाल फुललेला होता आणि समोर घाटाचे डोंगर इतके फिकट, की आहेत की नाहीत असं वाटावं. मितेशच्या स्लॅबच्या घरासमोर मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. त्याची धाकटी बहीण दिपिका, तिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. जनाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पंचावन्नची असेल. मी हाक मारली, तिने मान वर केली नाही.

अडचण मितेशने सांगितली. या घरात मुलीच्या लग्नाला गेलेल्या माणसांची नावं घेऊन त्यांना मांडवात बोलावतात. प्रत्येक नावाला पळसाचं एक पान आणि त्यावर मूठभर तांदूळ. नावं ठरलेल्या क्रमाने, सुरात ओढून घ्यायची. घरातलं शेवटचं मुलीचं लग्न मितेशच्या आत्याचं, तीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा त्याची आजी चंद्रकला गायली होती. जनाबाईची सासू तीच आणि गुरूही तीच. जनाबाईने त्या दिवशी स्वतःच्या हाताने अकरा पानं मांडली होती, आणि आज कितीही आठवलं तरी तिला दहाच नावं येत होती. म्हणजे कुणीतरी एकजण मांडवाबाहेर राहणार होतं, आणि कोण तेच कळत नव्हतं. तिला जेवण जाईना.

त्या लग्नाची एक कॅसेट पेटीत होती. सासू गेल्यावर ती ऐकायचा कुणाला धीर झाला नाही, आणि आता बाहेर काढली तर जनाबाईचे कान गेलेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून तिने तांदळाच्या डब्यात टाकून ठेवलं होतं. मितेशने आणि दिपिकाने कॅसेट दहादा ऐकली. बायका मागून साथ धरतात, सूर आणि नाव एकमेकांत मिसळून जातं. धवला, म्हणजे ही लग्नातली गाणी, येणाऱ्या माणसालाच ते उलगडतं, आणि येणारी ती एकटी. मग मितेशने एका फार्महाऊसवाल्याचा जुना रिसीव्हर आणि दोन उंच स्पीकर घेतले. बाय-अँपिंगने आवाज स्वच्छ होतो, असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं.

मी पट्ट्या काढल्या, चार वायरी ओढल्या, रिसीव्हरमध्ये बाय-अँप निवडलं आणि कॅसेट लावली. जनाबाई स्पीकरसमोर पाटावर बसली. घर चंद्रकलाबाईंच्या आवाजाने भरलं, जसं धुकं दारातून आत येतं तसं. थोड्या वेळाने जनाबाई म्हणाली, "आवाज येतो रे. शब्द नाय येत."

मी मितेशकडे बघितलं. सांगत नव्हतो? असं ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"तू हळदीचा बॉक्सवाला ना? तुझ्या बॉक्सला लागून उभी राहायची मी. पोरी नाचायच्या, मला जागा तेवढीच असायची. तवापासनं पाखरं गप झाली."

तक्रार नव्हती. हवापाण्याचं बोलावं तसं ती बोलली. वीस वर्षं मी मोठ्या आवाजाचे पैसे घेतले होते, आणि त्या आवाजाच्या शेजारी ही बाई उभी होती, हे मला दिसलंच नव्हतं.

पाखरं गप झाली म्हणजे बारीक आवाज गेले. स, त, च असली अक्षरं त्याच बारीक आवाजावर चालतात. तिला वूफर ऐकू येत होता, ट्वीटर नाही. बाय-अँपमध्ये दोघांचा आवाज एकदमच वाढतो, म्हणून काही उपयोग नव्हता. मग मला रिसीव्हरमधली दुसऱ्या खोलीची सोय आठवली. एका यंत्रावर दोन खोल्यांत गाणं लावता येतं, आणि प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मी ट्वीटरच्या वायरी दुसऱ्या खोलीच्या म्हणून जोडल्या. आता त्या यंत्राच्या समजुतीप्रमाणे भिंतीपलीकडे एक खोली होती आणि तिथे कुणीतरी बसून ऐकत होतं.

विहिरीवर हात धुवून आलो, कॅसेट लावली, आणि पहिल्याच सुराला खट् आवाज होऊन रिसीव्हर बंद पडला. मागे जाऊन बघतो तर चारही पितळी पट्ट्या जागच्या जागी, घट्ट पिळलेल्या. जनाबाईने बसवल्या होत्या. लग्नघरात जोडीची वस्तू सुटी ठेवत नाहीत, म्हणून. ट्वीटरची आणि वूफरची, दोन्ही वाटा एकमेकींना भिडल्या होत्या. मी संतापून तिला बोललो, नको तेवढं बोललो. ती हसत मान डोलावत राहिली, तिला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. दिपिकाला ते बघून हसू आवरेना. पट्ट्या काढून मी जीव मुठीत धरून बटण दाबलं. रिसीव्हर सुरू झाला. नशीब आमचं.

मग मी दुसऱ्या खोलीचा आवाज वाढवत नेला. कॅसेटची खरखर पत्र्यावर वाळू ओतावी तशी झाली, गाणाऱ्या बायकांच्या बांगड्या कानात टोचू लागल्या. मितेशने कानात बोटं घातली, दिपिकाने घातली, शेवटी मीही घातली. आम्ही तिघं तसे भिंतीला टेकून उभे, आणि मधोमध ती एकटी ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू उलगडत गेला. ओठ हलू लागले. बाहेर ऊन तसंच थांबलेलं, वारा नाही, वाटलं की ती तीस वर्षं तशीच बसलेली आहे.

नावं सुरू झाली तशी तिने जवळ ठेवलेली पळसाची पानं आणि तांदळाचं सूप पुढे ओढलं. एका नावाला एक मूठ तांदूळ. सात, आठ, नऊ, दहा. अकराव्याला तिची मूठ पानावर तशीच राहिली. तिने हातानेच खूण केली, पुन्हा लाव. मी कॅसेट मागे घेतली. तिसऱ्या वेळी ती चंद्रकलाबाईंबरोबर गायली, आणि मग आम्हालाही ते नाव ऐकू आलं.

तानी.

मितेशने ओरडून विचारलं, तानी कोण?

"तुझी बहीण," ती म्हणाली. "तुझ्या आधीची. दीड महिन्याची गेली." मग तिने मुठीतले तांदूळ त्या पानावर सोडले. "एवढ्याशा पोरांची नावं घेत नायत. सासूने नावं घेतली तवा मी मागे भाताच्या चुलीवर होते. अकरा मांड, म्हणाली सासू. मी नाय विचारलं. मला वाटायचं, या घरात तिची आठवण मला एकटीलाच."

आणि ती रडली. दिपिका तिच्याजवळ जाऊन बसली. मी आवाज कमी करायला उठलो, तर तिने माझा हात धरला. कॅसेट संपेपर्यंत तिने तो सोडला नाही. ज्या सासूने आयुष्यात एकदाही त्या पोरीचं नाव काढलं नाही, तिनेच भर मांडवात, सगळ्या जाणत्यांच्या रांगेत तिला बोलावलं होतं.

लग्नाला बॉक्स माझेच होते; मी नको म्हणत होतो, पण मितेशच्या मित्रांनी ऐकलं नाही. नावं घ्यायची वेळ झाली तेव्हा मी सगळं बंद केलं, माईकसुद्धा. पोरं चिडली, चिडू देत. पानं आता तेरा होती, कारण चंद्रकलाबाई आणि मितेशचे वडील मधल्या काळात गेले होते. अकरावं पान जनाबाईने रांगेत ठेवलं नाही, दिपिकाच्या पाटाला लागून ठेवलं. मग तिने ते नाव घेतलं, आधीच्या दहा नावांपेक्षा लांब ओढून. बॉक्स बंद होते, तरी ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.